अकरावीतली भाची आणि अमेरिकेचा इतिहास

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो, सायन्स की कॉमर्स? कुणी चुकून आर्ट्सचं नाव काढलं तर घरातली मोठी माणसं अशी बघतात, जणू पोरीनं शेत विकायला काढलंय. त्यातही इतिहास म्हटलं की संपलंच! मी स्वतः इतिहास घेऊन बी.ए. झाले, गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, तरी ‘इतिहास घेऊन काय मिळालं?’ हा प्रश्न मला लग्नात विचारला गेला होता आणि अजूनही हळदीकुंकवाला विचारला जातो.

मला वाटायचं, हे फक्त आपल्याकडचंच दुखणं. पण माझ्या मोठ्या नणंदेचं घर न्यू जर्सीत आहे आणि तिथंही गेलं वर्षभर हाच वाद चालला होता. भाची अकरावीत. तिनं शाळेत ‘एपी यू.एस. हिस्ट्री’ हा विषय घेतला. नंदोई कॉम्प्युटरवाले. त्यांचं म्हणणं, एवढी मेहनत करायचीच तर गणितात कर, इतिहासानं कुणाचं पोट भरलंय?

आता हे ‘एपी’ काय प्रकरण आहे, ते आधी सांगते. आज आपल्यापैकी बऱ्याच जणींची भाऊ-बहीण, दीर-नणंद तिकडे आहेत, त्यामुळे ऐकून ठेवलेलं बरं. आपल्याकडे बारावी बोर्डाची आणि कॉलेज कॉलेजचं, मध्ये पक्की भिंत. तिकडे त्या भिंतीला एक दार ठेवलंय. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय घ्यायचा आणि मे महिन्यात ‘कॉलेज बोर्ड’ नावाच्या संस्थेची परीक्षा द्यायची. ही योजना १९५० च्या दशकापासून चालू आहे. गुण शंभरपैकी नसतात, १ ते ५ असतात. ३ किंवा त्यावर मिळाले की पुष्कळ कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय तिथं पुन्हा घ्यावा लागत नाही. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास आणि खाजगी कॉलेजात एका विषयाची फी काही हजार डॉलर. हिशेब तुम्हीच करा! क्रेडिट हा शब्द आता आपल्यालाही नवा नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या कॉलेजांतही मुलं क्रेडिटच मोजत बसतात.

दुसरी एक वाट आहे, ‘ड्युअल एनरोलमेंट’. त्यात जवळच्या कॉलेजचाच वर्ग शाळेत असताना करायचा. तिथं एका परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं, वर्गातला ग्रेड धरतात. पण तो ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातो. बिघडला तर पुसता येत नाही. हे नणंदबाईंना शेजारणीकडून कळलं, शाळेनं काही आपणहून सांगितलं नव्हतं.

एपीची परीक्षा सव्वातीन तासांची. पंचावन्न मिनिटांत पंचावन्न पर्यायी प्रश्न, मग तीन छोटी उत्तरं, एक निबंध, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग, कागदपत्रांचा प्रश्न. सात कागद समोर ठेवतात. कुणाचं पत्र, एखाद्या भाषणाचा तुकडा, व्यंगचित्र, एखादा तक्ता. आधी वाचा, मग त्यांच्या आधारे आपलं मत मांडा. नुसतं मत चालत नाही. हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्यात त्याचा काय फायदा होता, हेही सांगायचं. आपण मात्र ‘कारणे द्या’ला गाइडमधली पाच कारणं घोकून मोकळ्या!

भाचीचं वर्ष कठीण गेलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचन. नणंदबाई फोनवर रडवेल्या व्हायच्या. आपण इथं आलो, राबलो, आणि पोरगी लोकांचा इतिहास पाठ करते, असं त्यांना वाटायचं. ‘लोकांचा’ हा शब्द त्यांचाच. मग एक दिवस भाचीनं जेवताना बापाला विचारलं, ‘बाबा, तुम्ही इथं आलात ते कुणामुळे?’ ते म्हणाले, ‘माझ्या नोकरीमुळे.’ तिनं मान हलवली आणि जे सांगितलं, ते मला तिच्याकडून सगळं पुन्हा ऐकावं लागलं, इतकं माझ्याही वाचनाबाहेरचं होतं.

१९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या लोकांना अमेरिकेचं दार जवळजवळ बंद केलं. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्वासाठी लढत होते. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी निकाल असा लागला, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे तुम्ही नाही, म्हणून नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं, अशा कित्येकांचं काढूनही घेतलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, साऱ्या हिंदुस्थानसाठी वर्षाला शंभर माणसं! खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं. आणि नंदोई ज्या एच-१बी व्हिसावर गेले, तो १९९० च्या कायद्यातून आला.

१९६५ च त्या कायद्याचं साल का? भाची म्हणते, इथंच खरी मेख आहे. त्याआधीची दहा वर्षं तिथले काळे लोक आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर होते. १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी गावात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईनं बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या शिक्षिकेनं कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं छापली, सोमवारी बसमध्ये चढू नका म्हणून. गावातल्या धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाया ३८१ दिवस चालत कामाला गेल्या. मैत्रिणींनो, ३८१ दिवस! त्या लढ्यातून १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आला आणि वंशावरून माणसं तोलणं चूक आहे असं देशानं मान्य केल्यावर परदेशी माणसांचा जुना कोटाही टिकेना. म्हणजे बाबांच्या नोकरीआधी त्या बाया चालल्या होत्या.

नंदोई त्या रात्री फार बोलले नाहीत. पण ‘त्या वस्तीतल्या मुलांशी मैत्री नको’ हे जे घरात सहज म्हटलं जायचं, ते पुढे म्हटलं गेलं नाही. हे मला नणंदबाईंनी सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं.

आणि आपण बायकांनी ऐकून ठेवावं असं एक. त्या पुढारलेल्या देशात १९७४ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड द्यायला बँका खुशाल नाही म्हणू शकत आणि नवऱ्याची सही मागू शकत. मी हे बचत गटात सांगितलं तेव्हा हशा पिकला.

आता तुम्ही म्हणाल, आपला बोरी अरबचा आणि अमेरिकेचा काय संबंध? मलाही भाचीनं तेच विचारलं, म्हणाली, ‘मामी, तुमच्याकडे कापूस होतो ना?’ तिच्या पुस्तकात १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध होतं. उत्तरेकडच्यांनी दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला. त्यांचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून, गुलामांच्या कष्टातून यायचा. मग त्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. भाव गगनाला भिडले, मुंबईत शेअरांचा जुगार पेटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. पण रेल्वे थांबली नाही. १८६७ ला ती नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला फाटा झाला आणि पुढे यवतमाळ–मूर्तिजापूर ही छोटी गाडी दारव्ह्यावरून धावू लागली, ती कापूस नेण्यासाठीच. आपली शकुंतला! आता ती बंद आहे. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, हेही मी तिला सांगितलं. पंडिता रमाबाईंनी तो देश पाहून १८८९ मध्ये मराठीत त्यावर पुस्तक लिहिलं, हे तर तिच्या बाईंनाही नवीन होतं.

सासूबाईंचं माहेर परभणीकडचं. १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या, खडी फोडायच्या. भाचीनं त्यांना फोनवर तासभर बोलतं केलं. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, तिची भाकरी कशी थापताना तुटायची, सुकडी कोण वाटायचं, सगळं तिनं लिहून घेतलं. ‘कधी नव्हे ते कुणी विचारलं,’ एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

मी तो कागदपत्रांचा प्रश्न माझ्या वर्गात करून पाहिला. प्रत्येकानं घरून एक जुना कागद आणायचा. कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी सातबारा, कुणी लग्नपत्रिका. एका मुलीनं आजोबांची कापसाच्या चुकाऱ्याची पट्टी आणली, एकाधिकार खरेदीच्या काळातली. ही कुणी लिहिली? ग्रेड कुणी ठरवली? पैसे किती दिवसांनी मिळाले? एरवी बाकावर डुलक्या घेणारी पोरं हात वर करून भांडत होती. अभ्यासक्रम त्या आठवड्यात मागे पडला, त्याबद्दल मुख्याध्यापकांचं बोलणं ऐकलं. ते ऐकून घेतलं.

भाचीचा निकाल जुलैत लागला. चार मिळाले. घरात पेढे वाटून झाले आणि मग कळलं, तिला हव्या असलेल्या कॉलेजात इतिहासाच्या क्रेडिटला पाच लागतात. त्यांच्या राज्याच्या विद्यापीठात चार चालतात. म्हणून सांगते, तुमच्या नात्यात कुणी या वाटेला जात असेल तर विषय घेण्याआधी कॉलेज किती गुणांना किती क्रेडिट देतं ते विचारा, दरवर्षी नव्यानं विचारा. नंदोई म्हणाले, ‘मग वर्ष फुकट गेलं का?’ भाचीनं उत्तर दिलं नाही. तिनं पुढच्या वर्षासाठी आणखी एक इतिहासाचाच विषय घेतलाय आणि या वेळी फॉर्मवर सही बापानं केली.

तिनं परवा सासूबाईंसाठी प्रश्नांची नवी यादी पाठवली, दोन पानं भरून. जिनिंगमध्ये बायकांना मजुरी किती होती, पहाटे निघताना लहान मुलं कुणाकडे ठेवायच्या, असं काय काय. सासूबाईंनी निरोप दिलाय, की कापसाची वेचणी आटोपू दे, तोवर बोलायला सवड नाही.