पांदणीनं चला भंडाऱ्याला!

विदर्भात पायी फिरायला चाललेय म्हटलं की पुण्याचे मित्र हसतात. ट्रेकिंग म्हणजे सह्याद्री, आणि भंडारा म्हणजे नागपूर-रायपूर हायवेवरचा चहाचा स्टॉप! पण गड चढणं वेगळं आणि नुसतं चालणं वेगळं. इंग्लंडमधल्या रटलँडसारख्या चिमुकल्या काउंटीत लोक वीकेंडला शेताशेतातून भटकतात. कोणी हटकत नाही, कारण १९४९च्या कायद्यानं तिथल्या पायवाटा सरकारी नकाशावर चढल्या.

आपल्याकडे आहे ती पांदण. दोन्हीकडे धुरे, मध्ये बैलगाडीची चाकोरी. चालत राहा, बऱ्याचदा ती तलावाच्या पाळीवर नेऊन सोडते. इथले कितीतरी तलाव कोहळी समाजानं पिढ्यान् पिढ्या खपून बांधले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तरी ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ म्हणून नाव टिकलं. पाळीवर एका हाताला पाणी, हिवाळ्यात त्यावर बदकं. दुसऱ्या हाताला त्याच पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत जाल तर चिखल गुडघ्यापर्यंत. मला विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबर बेस्ट.

इतिहास हवा असेल तर पवनी गाठा. परकोट, खंदक, वैनगंगा सगळं पायी होतं. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला.

जंगलात मात्र पायी नाही. कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्यं गाडीतूनच पाहायची. आणि वाघ काही हद्दीचा बोर्ड वाचत नाही, तेव्हा जंगलालगतच्या गावांत पहाटे-संध्याकाळी वाट धरू नका.

पांदणीचीही एक भानगड आहे. शेजारचा नांगर दरवर्षी थोडा आत सरकतो आणि एक दिवस वाटच गायब! जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, पण ती शेतकऱ्याला, स्वतःच्या शेतात जायला. आपण फिरस्ते, म्हणजे पाहुणेच. २०२१च्या मातोश्री पाणंद योजनेतून अशा रस्त्यांवर खडी टाकायचं ठरलं. चाकोरी जाणार म्हणून मला हळहळ वाटते. पण ज्याचा धानाचा ट्रॅक्टर चिखलात रुततो त्याला खडीच हवी, आणि त्याचंच बरोबर आहे. माझी हळहळ वीकेंडपुरती.

नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. जुने बूट घाला, पाणी सोबत ठेवा. उभ्या पिकात पाय नको. आणि गावात शिरल्यावर पहिल्या भेटलेल्या काकांना विचारा, पाळीकडे कुठून जायचं?