गंजास न जुमानणारा धातु

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी आणि पुढें चाकण लागतें. चाकण म्हटलें कीं एके काळीं फिरंगोजी नरसाळ्याचा संग्रामदुर्ग व कांद्याचा बाजार एवढेंच डोळ्यांपुढें उभें राही. आज तेथें मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. मोटारीच्या दंतचक्रांचे दांते लवकर झिजूं नयेत म्हणून तीं चक्रें कर्बयुक्त वायूच्या भट्टींत ९०० ते ९५० अंश सेंटिग्रेड उष्णतामानांत कांहीं तास ठेवून कठीण करतात. चक्र बहुधा एकदांच भट्टींत जातें. परंतु ज्या टोपलींत तें ठेवावयाचें ती टोपली रोज आंत जाते व रोज बाहेर येते. साध्या लोखंडाची टोपली केली, तर तिचे पापुद्रे सुटून ती लवकरच खचेल. म्हणून निकेल व क्रोमियम ज्यांत भरपूर आहेत असे मिश्रधातु ह्या कामीं योजतात.

क्रोमियम गंजतच नाहीं, हा समज बरोबर नव्हे. प्राणवायूशीं तें लोखंडापेक्षांही अधिक तत्परतेनें संयोग पावतें. फरक आहे तो गंजाच्या जातींत. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो सुटतो, खालचें लोखंड उघडें पडतें आणि पुन्हां गंजतें. क्रोमियमचा थर घट्ट बसतो व हवेस आंत शिरूं देत नाहीं. ओरखडा पडला तरी प्राणवायु मिळतांच तो पुन्हां धरतो. निकेलचें काम निराळें. तें धातूस धगींतही चिवट ठेवतें, आणि खारट द्रवांत ताणाखालीं स्टेनलेस पोलादास जशा चिरा पडतात तशा पडूं देत नाहीं.

१९०६ सालीं अल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन संशोधकानें निकेल-क्रोमियमच्या तारेचें पेटंट घेतलें. श्रोत्यांच्या घरांतील विजेच्या शेगडींत लाल होणारी तार त्याच कुळांतली. कारखान्यांतील ‘इन्कोनेल ६००’ मध्यें निकेल शेंकडा ७२ हून कमी नसतें, क्रोमियम १४ ते १७ व लोखंड ६ ते १० असतें. निकेल महाग, तेव्हां जेथें स्टेनलेस पोलादानें भागतें तेथें हा धातु वापरणें ही उधळपट्टीच होय.

तथापि गंधकापुढें ह्या धातूचें कांहीं चालत नाहीं. निकेल व गंधक यांचें मिश्रण सुमारें ६४५ अंशांवरच वितळूं लागतें, म्हणजे भट्टीच्या उष्णतामानाच्या कितीतरी खालीं. तें धातूच्या कणांच्या सांध्यांत शिरतें, आणि वरून धड दिसणारा पत्रा ठिसूळ होऊन तडकतो. इतका गंधक येतो कोठून? यंत्रावर कापतांना घातलेल्या तेलांतून, खुणा करण्याच्या खडूंतून, कधीं जळणांतूनही. एकदां ही भेग पडली कीं वरवर घांसून उपयोग नाहीं. तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. म्हणून सांधा जोडण्यापूर्वीं व भट्टींत घालण्यापूर्वीं पत्रा तेल विरघळविणाऱ्या द्रवानें पुसावा लागतो, आणि तोही अशा फडक्यानें कीं जें आधीं दुसऱ्या तेलकट कामास लाविलेलें नाहीं.