अतिसंवाहक दोषप्रवाह मर्यादक

विद्युत् शक्ती प्रणालीत मंडल-संक्षेप (दोन संवाहकांचा, अथवा संवाहक व जमीन यांचा अल्प रोधाच्या मार्गाने होणारा अनपेक्षित संपर्क) झाला असता वाहू लागणाऱ्या प्रचंड प्रवाहाला आपोआप आवर घालणारी प्रयुक्ती. नेहमीच्या कार्यस्थितीत हिचा प्रवाहाला होणारा विरोध नगण्य असतो व दोष उद्‌भवताच तो काही मिलिसेकंदांत अनेक पटींनी वाढतो. हा बदल घडवून आणण्यासाठी अतिसंवाहक पदार्थांच्या गुणधर्मांचा उपयोग केला जातो. [⟶ अतिसंवाहकता].

दोषप्रवाहाची समस्या : वीज पडणे, तारांना झाडाची फांदी लागणे, केबलीचे निरोधन खराब होणे इ. कारणांनी दोष निर्माण होतो. अशा वेळी प्रवाहावर मर्यादा उरते ती केवळ जनित्रे, रोहित्रे व तारमार्ग यांच्या संरोधाची (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाची). संवाहकांमधील यांत्रिक प्रेरणा आणि त्यांत निर्माण होणारी उष्णता ही दोन्ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दसपट प्रवाहाला शंभरपट प्रेरणा निर्माण होते. परिणामी रोहित्रांची वेटोळी विरूप होतात, आधारक निरोधक तडकतात व आगही लागू शकते.

दोषयुक्त भाग अलग करण्याचे काम मंडल खंडक करतो. तथापि दोष ओळखून खंडकाचे स्पर्शक विलग होण्यास व त्यांमधील प्रज्योत विझण्यास सामान्यतः ४० ते १०० मिलिसेकंद लागतात. ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रणालीत दोषप्रवाहाचे पहिले शिखर मात्र सु. १० मिलिसेकंदांतच येते आणि त्याचे मूल्य स्थिर दोषप्रवाहाच्या परिणामी मूल्याच्या सु. अडीच पटींपर्यंत असू शकते. म्हणजेच सर्वांत मोठा आघात खंडक उघडण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. शिवाय दोषप्रवाह खंडकाच्या क्षमतेपेक्षा अधिक असल्यास प्रज्योत विझत नाही. खंडकाचा स्फोट होऊन उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांच्या जिवालाही धोका पोहोचू शकतो.

पुरवठा अखंड व स्थिर दाबाचा राहावा यासाठी प्रणालीचे भाग एकमेकांस घट्ट जोडलेले, म्हणजे संरोध कमी असणे इष्ट असते. परंतु संरोध जितका कमी तितका दोषप्रवाह अधिक. प्रणालीचा विस्तार होत गेला की, पूर्वी बसविलेले खंडक अपुरे पडू लागतात. त्यावर अधिक क्षमतेचे खंडक बसविणे, उपकेंद्रातील संवाहक दंडांचे विभाग अलग ठेवणे, अधिक संरोधाची रोहित्रे वापरणे किंवा मार्गात प्रवर्तक वेटोळे घालणे हे रूढ उपाय आहेत. यांपैकी पहिला खर्चिक आहे, दुसऱ्याने पुरवठ्याची विश्वसनीयता घटते व शेवटच्या दोहोंमुळे दाबात कायमची घट सोसावी लागते. स्फोटक भाराच्या साहाय्याने मार्ग तोडणारे मर्यादकही वापरात आहेत. पण प्रत्येक कार्यानंतर त्यांचा खर्ची पडलेला भाग बदलावा लागतो. अतिसंवाहक मर्यादकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर आहे.

कार्यतत्त्व : अतिसंवाहक अवस्था टिकून राहण्यास तापमान, चुंबकीय क्षेत्र व प्रवाह घनता ही तिन्ही विशिष्ट क्रांतिक मूल्यांच्या आत असावी लागतात. यांपैकी एकाने जरी मर्यादा ओलांडली, तरी पदार्थ सामान्य अवस्थेत येतो व त्याला रोध प्राप्त होतो. मर्यादकातील संवाहक असा निवडतात की, नेहमीचा प्रवाह क्रांतिक मूल्याच्या आत व दोषप्रवाह त्याच्या पलीकडे असावा. त्यामुळे दोष ओळखण्यासाठी वेगळे संवेदक किंवा नियंत्रक लागत नाहीत.

प्रकार : (१) रोधक प्रकार : यात अतिसंवाहक थेट मुख्य मार्गात जोडलेला असतो. आधुनिक मर्यादकांत निकेलयुक्त मिश्रधातूच्या पातळ फितीवर इट्रियम किंवा तत्सम मूलद्रव्य, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडाचा सु. एक मायक्रोमीटर जाडीचा थर व त्यावर चांदीचा लेप असलेला संवाहक वापरतात. प्रवर्तकता कमी राहावी म्हणून लगतच्या फितींतील प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतील अशा रीतीने वेटोळे गुंडाळतात. फितीचा एखादाच बिंदू आधी सामान्य अवस्थेत आला, तर तो अतितप्त होऊन फीत जळण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी धातूचा लेप व समांतर जोडलेला रोधक किंवा वेटोळे यांच्याद्वारे प्रवाहाला पर्यायी मार्ग दिलेला असतो.

(२) परिरक्षित गाभ्याचा प्रकार : यात तांब्याचे वेटोळे मुख्य मार्गात असून त्याच्या आत अतिसंवाहक नळकांडे व नळकांड्याच्या आत लोखंडी गाभा असतो. नेहमीच्या स्थितीत नळकांड्यातील प्रवर्तित प्रवाहामुळे चुंबकीय स्रोत गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. दोषप्रसंगी नळकांड्याची अतिसंवाहकता नष्ट होऊन स्रोत गाभ्यात शिरतो व मार्गाचा संरोध वाढतो.

(३) संतृप्त गाभ्याचा प्रकार : यात एकदिश प्रवाह वाहणाऱ्या अतिसंवाहक वेटोळ्याने लोखंडी गाभे चुंबकीय दृष्ट्या संतृप्त ठेवलेले असतात. त्यामुळे त्यांवरील मुख्य मार्गाच्या वेटोळ्यांची प्रवर्तकता अल्प असते. दोषप्रवाहामुळे दर अर्धआवर्तनात एक गाभा संतृप्तीतून बाहेर पडतो व संरोध वाढतो. येथे अतिसंवाहकाची अवस्था बदलत नसल्याने दोष दूर होताच मर्यादक पूर्ववत होतो. परंतु गाभ्यांमुळे त्याचे आकारमान व वजन मोठे असते.

उदाहरण : ११ किव्हो. च्या उपकेंद्रात दोन रोहित्रे असून प्रत्येकाच्या बाजूचा प्रवर्तकी संरोध ०·५ ओहम व खंडकांची क्षमता २० किअँ. आहे असे समजू. प्रत्येक कलेचा दाब सु. ६,३५० व्होल्ट असल्याने एका रोहित्रामुळे १२·७ किअँ. व दोन्ही समांतर जोडल्यास २५·४ किअँ. दोषप्रवाह वाहील. हा प्रवाह खंडकांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने दोन विभाग अलग ठेवावे लागतात व एक रोहित्र बंद पडले की, त्या विभागावर अवलंबून असलेली रुग्णालये, पाणीपुरवठ्याचे पंप व घरे निदान काही काळ अंधारात जातात. दोन विभागांच्या मध्ये, सामान्य अवस्थेत १ ओहम रोध देणारा मर्यादक बसविल्यास पलीकडच्या रोहित्राकडून येणारा प्रवाह सु. ५·७ किअँ. राहतो व कलांतर विचारात घेता एकूण दोषप्रवाह सु. १६ किअँ. होतो. खंडक न बदलता विभाग जोडलेले ठेवता येतात आणि यांत्रिक प्रेरणा मूळच्या सु. ४० टक्क्यांवर येतात.

याच उदाहरणावरून अडचणीही स्पष्ट होतात. मर्यादकाच्या प्रत्येक कलेत सु. ३२ मेगॅवॉट शक्ती उष्णतारूपाने व्यय पावते. दोष ०·१ सेकंद टिकल्यास ही ऊर्जा सु. ३·२ मेगॅजूल, म्हणजे १६ किग्रॅ. द्रवरूप नायट्रोजनाचे बाष्प करण्याइतकी होते. फितीच्या दर मीटरला ५० व्होल्ट दाब सुरक्षित मानल्यास एकसरीत सु. ११५ मी. फीत लागते, नेहमीचा प्रवाह पेलण्यासाठी अशा अनेक फिती समांतर जोडाव्या लागतात. मर्यादक खंडकाची जागा घेत नाही. मंडल तोडण्याचे काम खंडकालाच करावे लागते व तेही वेळेवर, अन्यथा मर्यादकच जळून जाईल.

विकास : हेकं कामर्लिंग-ऑनेस यांना १९११ मध्ये पाऱ्यात सु. ४·२ के. तापमानास अतिसंवाहकता आढळली. पुढे दीर्घकाळ उपलब्ध असलेल्या अतिसंवाहकांना द्रवरूप हीलियमाची आवश्यकता होती. या तापमानास शिरणारी एक वॉट उष्णता बाहेर काढण्यास सिद्धांततःच सु. ७० वॉट व व्यवहारात त्याच्या अनेक पट शक्ती लागते. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्स व म्यूलर यांनी ऑक्साइडी अतिसंवाहकांचा शोध लावला व १९८७ मध्ये सु. ९२ के. क्रांतिक तापमानाचे संयुग तयार झाले. त्यामुळे ७७ के. तापमानास उकळणारा व स्वस्त असा द्रवरूप नायट्रोजन वापरणे शक्य झाले. या तापमानास वरील सैद्धांतिक गरज सु. ३ वॉटच आहे.

१९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लाँट्श जलविद्युत् केंद्रात परिरक्षित गाभ्याचा १·२ मेव्होअँ. क्षमतेचा मर्यादक बसविण्यात आला. २००४ मध्ये जर्मनीतील नेटफेन येथे १० किव्हो., १० मेव्होअँ. क्षमतेच्या रोधक मर्यादकाची प्रत्यक्ष जाळ्यात चाचणी झाली. त्याच देशातील एसेन शहरात २०१४ मध्ये १० किव्हो. दाबाची सु. १ किमी. लांबीची अतिसंवाहक केबल व तिच्यासोबत मर्यादक कार्यान्वित झाला. चीनमध्ये संतृप्त गाभ्याच्या प्रकारावर विशेष काम झाले असून २००८ मध्ये युनान प्रांतातील पूजी उपकेंद्रात ३५ किव्हो. चा असा मर्यादक सुरू झाला. मॉस्कोतील म्नेव्निकी उपकेंद्रात २०१९ मध्ये २२० किव्हो. चा रोधक मर्यादक बसविण्यात आला. एकदिश उच्च दाब प्रणालीत प्रवाह आपोआप शून्यावर येत नसल्याने तो खंडित करणे अधिक कठीण असते. त्यामुळे अशा प्रणालींसाठीही हे मर्यादक उपयुक्त ठरतात.

मर्यादा : शीतन यंत्रणा अहोरात्र चालू ठेवावी लागते, ती बंद पडल्यास मर्यादक मार्गातून काढून घ्यावा लागतो. प्रत्यावर्ती प्रवाहामुळे अतिसंवाहकातही काही ऊर्जाव्यय होतो. रोधक प्रकारात दोषानंतर फीत पुन्हा थंड होण्यास काही सेकंद किंवा अधिक वेळ लागतो. याउलट तारमार्गांवरील स्वयंचलित पुनर्जोडणी बहुधा त्याआधीच होते. दोषप्रवाह घटल्याने संरक्षक रिलेंची मांडणी नव्याने ठरवावी लागते. फितीची किंमत हीही मोठी अडचण आहे. या कारणांमुळे अतिसंवाहक मर्यादकाचा वापर मोजक्या ठिकाणांपुरता राहिला आहे. जेथे उपकेंद्रातील सर्व खंडक बदलणे फार खर्चिक किंवा जागेअभावी अशक्य असते, तेथे तो विशेष लाभदायक ठरतो.