मारका बैल, चावरा कुत्रा आणि दुखणे

देवणी बैल शांत आणि कामाला चिवट, असे त्याचे नाव संतपूर-औराद भागात आहे. असा गुणी बैल एखाद्या दिवशी जू पाहताच मान काढून घेतो, शिंग उगारतो, नाहीतर तासातच बसतो. मग चाबूक, आणि तेवढ्याने भागले नाही तर हाळी-हंडरगुळीचा बाजार. मारका असे नाव पडले की किंमतही पडते.

विकण्यापूर्वी त्याचा खांदा हाताने चाचपून पाहावा. सूज, ऊन लागणे किंवा गाठ आढळल्यास ती खांदेसूज समजावी. जू खडबडीत असले किंवा जोडीतले बैल उंचीने सारखे नसले की ती होते. गोठ्यात गरीब आणि जुवाखाली वाईट, अशा बैलाबाबत पहिला संशय हाच घ्यावा. बैल डोके एका बाजूला झुकवून सारखे हलवीत असेल, शिंगाला हात लावू देत नसेल, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येत असेल, तर शिंगाचा कर्करोग असू शकतो. तेथे एक दिवसही दवडू नये. गाय एकाच सडाला हात लागताच लाथ झाडते, तेव्हा कासदाह किंवा सडाची चीर शोधावी. भाला घालणे नंतरचे.

कुत्र्या-मांजरांचेही असेच आहे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स व सहकारी यांनी २०२० साली लिहिले की, वाईट वागणुकीसाठी तज्ज्ञांकडे आणलेल्या प्राण्यांपैकी, कमीत कमी धरले तरी, सुमारे एक तृतीयांशांना काहीतरी दुखत असते. म्हातारा राखणीचा कुत्रा पाठीवर हात ठेवताच गुरगुरतो, तेव्हा त्याचे सांधे किंवा कान दुखत असतील. मात्र कुत्रा एकाएकी बदलला आणि लाळ गाळू लागला, तर जवळ जाऊ नये. तो पिसाळलेला असू शकतो. चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी.

घरातल्या गोळ्या जनावरांना देऊ नयेत. पॅरासिटॅमॉलने मांजर मरते. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे नाहीशी झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. सरकारी गुरांचा दवाखाना गाठावा. अवघड दुखण्यासाठी बीदरला नंदीनगर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

खांदा बरा झाला तरी बैल काही दिवस जू पाहून बिचकतोच. त्याला आधी नुसते जू, मग रिकामी गाडी, आणि औत सर्वांत शेवटी.