उसाचे इंधन आणि शेतीचे धोरण

ओसाड माळावर मोगली एरंड लावावा, त्याच्या बियांचे तेल डिझेलमध्ये मिसळावे आणि परदेशी तेलावरील खर्च वाचवावा, ही कल्पना या शतकाच्या आरंभी पुष्कळांना मोहक वाटली होती. २००३ साली नियोजन मंडळाच्या जैवइंधनविषयक समितीने तिचा आराखडा मांडला आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट सुचविले. रोपे लागली, लागवडीच्या समारंभांनाही वाण पडली नाही. परंतु झाडाला बी धरण्यास काही वर्षे जावी लागतात, आणि पाण्यावाचून व खतावाचून ते भरघोस येत नाही, हे लवकरच उघड झाले. २००५ साली जैवडिझेलच्या खरेदीचा दर लिटरला २५ रुपये ठरला, तो उत्पादनखर्चालाही पुरेना. घेणारा आणि भाव या दोन्ही गोष्टी डळमळीत असल्यावर शेतकऱ्याने त्या झाडाकडे पाठ फिरविली, यात नवल नाही.

उसाची गोष्ट निराळी घडली, पण तीही एकदम नव्हे. जानेवारी २००३ पासून काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना सुरू झाली. तरीही २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. त्याचे कारण कारखान्याच्या हिशेबात होते. रसातून शक्य तेवढी साखर काढून घेतल्यावर जी शेवटची मळी उरते, तीपासून टनभर उसामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते. तोच रस साखर न करता थेट वापरला, तर सुमारे ७० लिटर मिळते. परंतु साखर सोडून देण्यास कारखान्याला काही मोबदला नको काय?

तो मोबदला २०१८ साली ठरला. शेवटच्या मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरला सुमारे ४३ रुपये, अधिक साखर राखलेल्या मळीपासूनच्याला सुमारे ५२ आणि थेट रसापासूनच्याला सुमारे ५९, असे वेगवेगळे दर २०१८-१९ च्या हंगामासाठी जाहीर झाले. आसवनी उभारण्याच्या कर्जावर व्याजाची सवलतही मिळाली. पूर्वी साखर अधिक झाली की ती गोदामात पडून राही, पैसा अडके, आणि चौदा दिवसांत द्यावयाचे उसाचे पैसे महिनोन्महिने थकत. कृष्णेच्या खोऱ्यातील काय किंवा बेळगावकडील घटप्रभेच्या काठचा काय, शेतकऱ्याला हा अनुभव नवा नव्हता. आता त्याच रसाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. २०२२ च्या जूनमध्ये मिश्रण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले.

तथापि दर वर्षाला ठरतो आणि ऊस त्याहून अधिक काळ शेतात उभा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडणीला येण्यास सोळा-अठरा महिने लागतात. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर अपुरी पडण्याची भीती वाटू लागली, आणि ७ डिसेंबर रोजी त्या हंगामापुरता रसापासून इथेनॉल करण्यास मज्जाव झाला. आठवड्याभरातच मर्यादित परवानगी मिळाली, पुढील हंगामासाठी निर्बंध उठलेही. परंतु ज्यांनी कर्ज काढून यंत्रे बसविली होती, त्यांना धोरणाची दुसरी बाजू दिसली. साखर आधी ताटात की गाडीच्या टाकीत, हा प्रश्न दुष्काळात सरकार ताटाच्या बाजूने सोडविणार, आणि ते योग्यच आहे. मात्र हे आधी सांगून ठेवले असते, तर कारखान्यांनी बेत निराळे केले असते.

पाण्याचा हिशेब याहून कठीण. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. म्हणून धोरणाचा कल मक्याकडे वळला. २०२३-२४ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, म्हणजे उसाच्या रसाहूनही चढा दर मिळाला, आणि आसवन्या मका घेऊ लागल्या. मका पुष्कळसा पावसाच्या पाण्यावर येतो, खर्चही कमी. पण कोंबड्यांच्या खाद्यासाठी तोच मका लागतो. त्याचा भाव चढला, कुक्कुटपालकांनी तक्रार केली, आणि मका निर्यात करणाऱ्या या देशाला २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला.