चौदा गाण्यांचा शेजार : 'दिल पडोसी है'

आवडता अल्बम कोणता, असं कॉलेजात कुणी विचारलं की बहुतेकांच्या तोंडी इंग्रजी नावं येतात. मी 'दिल पडोसी है' असं सांगते, तेव्हा समोरचा हमखास विचारतो, "हा पिक्चर कधीचा गं?" पिक्चर नाहीच तो. आणि पिक्चर नाही म्हणूनच तो कुणाला माहीत नाही.

गायिका आशा भोसले, संगीतकार राहुलदेव बर्मन म्हणजे आपले पंचमदा, गीतकार गुलजार. चौदा गाणी, दोन तबकड्यांचा संच, एचएमव्हीने ८ सप्टेंबर १९८७ रोजी काढलेला. ८ सप्टेंबर हा आशाताईंचा वाढदिवस. आम्हा कॅथलिकांकडे त्याच दिवशी सायबिणीच्या जन्माचं फेस्त असतं, त्यामुळे ही तारीख मला पाठ करावी लागली नाही. गोवा घटक राज्य झालं ते त्याच वर्षी ३० मे रोजी. म्हणजे आपलं राज्य या अल्बमपेक्षा जेमतेम तीन महिन्यांनी मोठं!

माझ्याकडे हा अल्बम आला तो डिचोलीच्या मामाकडून. तो खाणीवर ट्रक चालवायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक विकला, पण ट्रकमधल्या कॅसेटी त्याने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या. त्यात किशोरकुमार होता, भजनं होती, तियात्रांच्या कांतारांच्या कॅसेटी होत्या आणि ही एक. टेप जुनी, आवाज मधूनच ओढल्यासारखा यायचा. पुढे मी मोबाइलवर सगळी गाणी शोधून काढली.

आता मुद्दा. एका अल्बमात खूप प्रकार भरले की आपण त्याला कौतुकाने 'भेळ' म्हणतो. नंतरच्या काळात फ्यूजनची लाट आली, त्यात तर सतारीखाली ड्रम आणि आलापाखाली बेस गिटार घातली की काम झालं. 'दिल पडोसी है' ही भेळ नाही. नावातच आहे ना, पडोसी. इथलं प्रत्येक गाणं आपापल्या घरात राहतं, आपापल्या चुलीवर रांधतं, फक्त भिंतीला भिंत लागून असते. पंचमदांची गिटार अधूनमधून शेजाऱ्यासारखी डोकावून जाते, तो त्यांचा स्वभावच. पण गझल गझलच राहते आणि बंदिशीची पॉप होत नाही.

उदाहरण म्हणून तीनच गाणी घेते. 'झूठे तेरे नैन' बंदिशीच्या अंगाने जातं. आशाताई इथे गळा पूर्ण मोकळा सोडतात, ताना घेतात, आणि या दीनानाथांच्या कन्या आहेत हे कुणी सांगावं लागत नाही. (दीनानाथ आपल्या मंगेशीचे, हे गोव्यात वेगळं सांगायला नको, तरी सांगते.) 'शाम से आँख में' ही गुलजारांची गझल. हीच गझल पुढे जगजीत सिंग यांनी 'मरासिम'मध्ये गायली आणि लोकांना तीच ठाऊक आहे. माझ्या मते जगजीतजींच्या गाण्यात दुःख स्थिरावलेलं आहे, आशाताईंच्या गाण्यात ते अजून फिरतंय. आणि तिसरं 'रात क्रिसमस की थी'.

या तिसऱ्यावर मी जरा थांबणार आहे. आपल्याकडे नाताळचं गाणं म्हटलं की गोठा, बाळ येशू, मेंढपाळ, तारा. या गाण्यात त्यातलं काही नाही. ही एका प्रेमाच्या रात्रीची आठवण आहे, नाताळ फक्त तारीख सांगायला येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईने भुवई वर केली होती. पण मला त्यात जे आवडलं ते वेगळंच. हिंदी गाण्यात ख्रिस्ती माणूस आला की तो बहुतेक वेळा दारू पितो, नाहीतर मोडकी हिंदी बोलतो. इथे नाताळ कुणा विनोदी पात्राचा नाही. गुलजारांनी तो शब्द दिवाळी किंवा ईद वापरावी इतक्या सहजपणे वापरलाय. गाणाऱ्या बाईचा धर्म कोणता, हे गाणं विचारतच नाही. आशाताईसुद्धा इथे गळ्यापेक्षा श्वासाने जास्त गातात. 'झूठे तेरे नैन' गाणारी बाई हीच का, असा प्रश्न पडतो.

डिचोलीच्या माझ्या एका मैत्रिणीला खरोखरच पडला. तिच्या घरी भजनाची परंपरा, पेटी-पखवाज कायम बाहेर काढलेले. तिला बंदिश ऐकवली तर ती ताठ बसून ऐकू लागली. लगेच पुढे नाताळचं लावलं तर म्हणाली, "हे दुसऱ्या कॅसेटमधलं." नाही गं बाई, त्याच! आमचं यावर अजून भांडण चालू आहे. तिच्या मते पंचमदांनी सगळा अल्बम शास्त्रीय अंगाने करायला हवा होता. मला वाटतं, मग तो चांगला झाला असता, पण असा झाला नसता.

बाकीच्या गाण्यांत 'जाने दो मुझे जाने दो' आहे. ती पंचमदा-आशाताईंच्याच बंगाली गाण्याची चाल, हिंदीत नांदायला आलेली. 'माँझी रे माँझी' नावाड्याला साद घालतं. ते मी केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीत इअरफोन लावून ऐकलंय आणि तुम्हीही ऐकावं. दोन-तीन गाणी मला लांबलेली वाटतात, त्यांची नावं घेत नाही, कारण मामाला नेमकी तीच आवडतात.

हे जमलं कसं? मला वाटतं, शब्दांमुळे. आधी ठेका आणि मग त्यात बसतील ते शब्द, अशी हिंदी सिनेमाची सवय. गुलजारांच्या ओळी मात्र मीटरमध्ये सहज बसत नाहीत. 'मेरा कुछ सामान'चा कागद पाहून पंचमदा वैतागले आणि उद्या वर्तमानपत्र आणून चाल लावायला सांगशील, असं गुलजारांना म्हणाले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. वैतागले, पण चाल लावली. शब्द असे अडून बसले की संगीतकाराला आपलं ठरलेलं घर सोडून शब्दांच्या घरी जावं लागतं. शिवाय पंचमदांना परकं घर नव्हतंच. सरोदही शिकलेले आणि आपल्या माजोर्डेच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडेही धडे घेतलेले. 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात ज्यांचं नाव आहे तेच हे, पंचमदांचे आणि प्यारेलालजींचे गुरू.

मग असा अल्बम मागे का पडला? पहिलं कारण, पडद्यावर चित्र नव्हतं. तेव्हा गाणं लोकांपर्यंत पोचायचं ते सिनेमातून, रेडिओवरून आणि दूरदर्शनच्या 'चित्रहार'मधून. नट-नटी नसलेल्या गाण्याला 'चित्रहार'मध्ये जागा कुठली? 'इंडिपॉप' हा शब्द दुकानात रुळायला पुढची काही वर्षं जावी लागली. अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला १९९५ साली. दुसरं, ८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पंचमदांकडचे चित्रपट कमी होत चालले होते, बाजार डिस्कोकडे वळला होता. तिसरं कारण जरा गमतीचं. याच तिघांचा 'इजाजत' त्याच वर्षीचा. त्यातली चारही गाणी आशाताईंची आणि 'मेरा कुछ सामान'साठी त्यांना व गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. थोरल्या भावाचं कौतुक झालं की धाकटा आपोआप मागच्या बाकावर जातो. पंचमदा ४ जानेवारी १९९४ रोजी गेले. त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं, बोललं गेलं, पण ते बहुतेक सिनेमातल्या गाण्यांवर.

हे सगळं मराठीच्या अंकात कशाला, असं कुणाला वाटेल. मी हरमलची. प्रार्थना कोकणीत, तीही रोमी लिपीतल्या पुस्तकातून. प्राथमिक शाळा मराठी. जत्रेतला दशावतार रात्रभर जागून पाहिलेला. पदवी इंग्रजी साहित्याची. या मंडळात नाव घातलं तेव्हा "तू कॅथलिक ना, मग मराठी कशी?" हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला, आणि घराकडे तोच प्रश्न जरा काळजीच्या सुरात. विचारणाऱ्यांना दोनच उत्तरं चालतात. एक तर यातलं एक निवड, किंवा मग सगळ्याची मिसळ आहे असं सांग. मला दोन्ही पटत नाहीत. माझी कोकणी प्रार्थना आणि माझी मराठी कविता एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. त्या शेजारी आहेत, साखर संपली की एकमेकींकडे जातात.

ऐकणार असाल तर एक विनंती. मोबाइलवर ही गाणी सुटी सुटी, वेगवेगळ्या याद्यांत विखुरलेली सापडतात, म्हणून आपणच एक यादी करा. पहिल्यांदा 'झूठे तेरे नैन', लगेच 'रात क्रिसमस की थी', मग 'शाम से आँख में'. मध्ये दुसऱ्या कुणाचं गाणं येऊ देऊ नका. आणि शक्य तर रात्री ऐका, पंखा बंद करून. 'रात क्रिसमस की थी'मधला तो श्वास पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही.