शेतावरील सुतारशाळेची मांडणी

गुरांना गोठा, वैरणीला पडवी, बियाण्याला कणगी, अशी ज्याची त्याची जागा आपण नेमून ठेवितों. सुतारकामाला मात्र मोकळा सांपडेल तो कोंपरा. बलुत्यावर काम करणारा सुतार आतां बहुतेक गांवांतून दिसेनासा झाला आहे, आणि तिफणीचें दिंड तर नेमकें वाफशाच्या दिवशींच मोडतें. ज्या शेतकऱ्यांनीं करवत, रंधा, किंवा विजेवर फिरणारी गोल करवतहि घरीं आणिली आहे, त्यांचाहि पुष्कळसा वेळ हत्यार शोधण्यांत व लांकूड इकडून तिकडे ओढण्यांत जातो, असें आम्हांस दिसतें.

आमचें सांगणें एवढेंच कीं, भिंती घालण्यापूर्वीं लांकडाची वाट आंखावी. फळी दारानें आंत येते. तेथून करवत, करवतीवरून मेज, मेजावरून जोडणीची मोकळी जागा, आणि तेथून तयार औत अंगणांत. लांकूड या वाटेनें पुढेंच सरकावें, मागें फिरूं नये. दाराची रुंदी अटकळीनें ठरवूं नये. घरचें सर्वांत रुंद औत मोजून तीस हातभर जोडावी.

गोल करवतीच्या जागेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. यंत्राला जागा थोडी पुरते, फळीला ती पुरत नाहीं. ८ फुटांची फळी उभी चिरावयाची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट व पलीकडे ८ फूट मोकळे हवेत. शिवाय माणसास उभें राहण्यास २ फूट. म्हणजे १८ फूट लांबी झाली. तेवढी खोली नसल्यास करवत दारासमोर मांडावी, म्हणजे फळीचें टोंक बाहेर निघूं शकेल. चिरणारानें मात्र पात्याच्या रेषेंत उभें राहूं नये, व त्या रेषेंतून येण्याजाण्याची वाटहि ठेवूं नये. लांकूड उसळलें तर तें त्याच रेषेनें मागें येतें.

मेज उत्तरेच्या खिडकीखालीं असावें. तेथें उजेड सारखा मिळतो व ऊन डोळ्यांवर येत नाहीं. उंची उभ्या माणसाच्या मनगटाइतकी ठेवावी. वाकस, पटाशी, किकरें, गुण्या हीं रोजचीं हत्यारें मेजामागील भिंतीवर टांगून प्रत्येकाची आकृति कोळशानें काढावी. शेजाऱ्याकडे गेलेलें किकरें संध्याकाळीं आठवतें तें या रिकाम्या आकृतीमुळेंच.

लांकडाचा सांठा शाळेंत कोंडूं नये. पडवींत, वारा खेळेल पण ऊन लागणार नाहीं अशा ठिकाणीं, जमिनीपासून वीतभर उंच रचावा. फळ्यांमध्यें सारख्या जाडीच्या चिपा एकीवर एक ओळींत घालाव्या, नाहीं तर फळी वांकते. टोंकें लवकर सुकून फुटतात, म्हणून त्यांस डांबर लावावें. बाभळीचें लांकूड पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी रीत सोडण्याचें कारण नाहीं. तीमुळें किडा कमी लागतो.

चाकाची धाव तापविण्याची भट्टी शाळेपासून व वैरणीच्या गंजीपासून दूर, पण हौदाजवळ असावी, कारण धाव चढतांच तीवर पाणी ओतावें लागतें. भुसा व ढलप्या रोज झाडून बाहेर काढाव्या.

ही सर्व आंखणी प्रथम अंगणांत चुन्याच्या फक्कीनें करावी, आणि दोघांनीं खरीच फळी उचलून तींतून एकदां फिरवावी. जेथें अडेल तेथली भिंत हलविण्यास त्या वेळीं कांहींच खर्च येत नाहीं.